शिळ्या जाहिराती झाइन बंद पाडतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोट्या जाहिरातींनी भरलेलं, घरीच जुळवलेलं झाइन, म्हणजे हौसेने काढलेलं छोटं नियतकालिक, वर्षानुवर्षं चालवायचं, तर लोक आधी छपाईच्या खर्चाची काळजी करतात. आमच्या मते ते बंद पडतं शिळ्या जाहिरातींमुळे. टाइपरायटरसाठी पत्र धाडावं आणि तो केव्हाच विकला गेल्याचं उत्तर यावं, असं दोनदा झालं की वाचक तिसरं पत्र लिहीत नाही. म्हणून प्रत्येक जाहिरातीच्या शेवटी तिच्या अखेरच्या अंकाचा क्रमांक छापा. तीन अंकांची मुदत पुरते; जाहिरातदाराने पुन्हा कळवलं, तरच पुढे. जुना पेटी क्रमांक, म्हणजे पत्रं पाठवायला जाहिरातदाराच्या पत्त्याऐवजी छापलेला क्रमांक, दुसऱ्याला देऊ नका. जुने अंक फिरत राहतात आणि मग एकाचं पत्र भलत्याच्याच हाती पडतं.

शब्दांची मर्यादा ३० ठेवा, पण भाषा सुधारायला जाऊ नका. ‘एक पाय मोडलेली, तरी मानी खुर्ची चांगल्या घरी देणे आहे’ याचं ‘खुर्ची विकणे’ केलंत, तर झाइन वाचायचं कशाला?

जुळणीत घोळ होतो तो पाठपोट छपाईत. २४ पानांना मधोमध दुमडलेले ए-४चे ६ कागद लागतात आणि कागदाच्या एका बाजूला येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी २५ येते: सर्वांत बाहेरच्या कागदावर २४ आणि १, त्याच्या पाठीवर २ आणि २३. आधी कोऱ्या कागदांची घडी घालून त्यावर आकडे टाका. कडेला ८ मिमी तरी मोकळं सोडा, झेरॉक्स यंत्र काठापर्यंत छापत नाही. चिकटवलेल्या कात्रणांच्या कडा उचलल्या गेल्या, की त्यांची सावली काळ्या रेघेसारखी उमटते. कडा दाबून बसवा, उरलेली रेघ पांढऱ्या शाईने झाका.

प्रतीवरून प्रत मात्र कधीच काढू नका. ७-८ पॉइंटच्या अक्षरांतले अनुस्वार आधी जातात, मग १ आणि ९ सारखे दिसू लागतात. जाहिरातीत त्याचा अर्थ चुकीचा फोन नंबर. चिकटवलेली मूळ पानं सपाट पाकिटात जपा.

पिना लांब हाताच्या स्टेपलरने नेमक्या घडीवर, वरून आणि खालून साधारण ५ सेमी सोडून मारा. कागद वाढवलेत तर आतली पानं बाहेर डोकावतात आणि कापताना कडेचा मजकूर जातो. त्या पानांवर बाहेरचा समास जास्त ठेवा.

आपले,
जाहिरातींची पानं जुळवणारे काही वाचक