छप्पर कुणाच्या नावावर? वीजमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वीजमंत्री,
गोवा सरकार, पणजी.

सप्रेम नमस्कार.

मी सत्तरी आणि फोंडा तालुक्यांतल्या गावांत घरांचे वायरिंग करणारा परवानाधारक वायरमन. अलीकडे छपरावर सौर पॅनेल बसवण्याची कामेही घेतो. छपरावरच्या विजेसाठी केंद्र सरकार अनुदान देते, राज्य सरकार जाहिराती देते, आणि तरीही ज्या घरांत मी पंखा दुरुस्त करायला जातो त्यांतल्या बऱ्याच घरांना ती वीज घेता येत नाही. तंत्र आहे, पॅनेलही आता परवडतात. घोडे अडते ते घराच्या कागदावर.

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३० हजार, तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान. तीन किलोवॅटला साधारण तीनशे चौरस फूट जागा लागते आणि लख्ख उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज मिळते. पण पात्रतेची पहिलीच अट अशी की घर अर्जदाराच्या मालकीचे हवे. दिल्लीत बसून ही अट लिहिणाऱ्याला ती साधी वाटली असेल. गोव्यात ती साधी नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आमच्याकडे वीजबिल आजोबांच्या नावावर येते. आजोबा जाऊन वीस-पंचवीस वर्षे झालेली असतात. घर एक, पण आत चार चुली. एक भाऊ मुंबईला, एक आखातात, एकाची मुले पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात. गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे प्रत्येकाचा वाटा ठरलेला, त्यामुळे इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, झाल्याशिवाय आणि सगळ्यांच्या सह्या जमल्याशिवाय ‘घर माझे’ असे कुणी एकटा म्हणू शकत नाही. शेजारचे घर मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे. मुंडकार कायदा १९७५ चा. पण मामलेदाराकडे तारखा घालत बसलेली माणसे आजही आहेत, आणि जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर भाटकाराचेच, म्हणजे जमीनमालकाचेच, नाव आहे. त्याच्या पलीकडचे घर कोमुनिदादच्या, म्हणजे गावाच्या जुन्या सामाईक संस्थेच्या, जमिनीवर. या तिन्ही घरांत मीटर आहे, बिल वेळेवर भरले जाते, पंचायत घरपट्टी घेते. वीज विकताना मालकी कुणी विचारली नाही. वीज तयार करायची म्हटल्यावर मात्र ती विचारली जाते.

सरकारने २०२५ मध्ये ‘म्हजें घर’ योजना आणली, चांगले केले. पण घरे नियमित होण्याला त्याचा काळ लागेल. तोवर सूर्यघरची गाडी निघून गेलेली असेल.

कागद असला तरी छप्पर असते कौलारू. मंगळुरी कौलांवर पॅनेल बसवायचे म्हणजे कौल उचलायचे, खालच्या वाशाला लोखंडी हूक ठोकायचा, तो दोन कौलांच्या फटीतून बाहेर काढायचा आणि त्यावर रेल बसवायची. वासा वाळवीने पोखरलेला निघाला की काम तिथेच थांबते. आधी सुतार शोधा. चालताना पाय वाशाच्या ओळीत पडला नाही तर कौल तडकते, आणि जुन्या साच्याचे कौल आता बाजारात मिळत नाही. जूनच्या पहिल्या सरीला गळती कुठून लागली हे घरातली बाई मला फोन करून सांगते, सौर कंपनीला नाही. शिवाय परसात फणस आणि दोन माड. सकाळी दहापर्यंत एका बाजूला सावली, तीननंतर दुसऱ्या बाजूला. सावली नको म्हणून फणस तोडा असे मी कुणाला सांगत नाही, सांगणारही नाही.

मग हे अनुदान जाते कुणाकडे? स्लॅबची गच्ची, स्वतःच्या नावाचे विक्रीखत आणि चार एसी असलेल्याकडे. त्यांनी घेतले त्याबद्दल तक्रार नाही, तेवढाच कोळसा वाचला. पण आपल्याकडचे घरगुती वीजदर देशातल्या स्वस्तांपैकी, त्यामुळे कमी वापराच्या घराला संच परवडायला फार वर्षे लागतात, मोठ्या बिलाच्या घराला लवकर परवडतो. म्हणजे ज्याचे बिल मोठे त्याचे बिल शून्यावर येणार, आणि वाहिन्या-ट्रान्सफॉर्मर सांभाळण्याचा खर्च उरलेल्यांच्या बिलात जाणार. हे हळूहळू होईल, ओरड उशिरा होईल.

मंत्रिमहोदय, गोव्याला हे जमवणे इतर राज्यांपेक्षा जास्त गरजेचे आहे, कारण आपल्याकडे स्वतःची वीज जवळपास नाही. आपला मोठा वाटा येतो एनटीपीसी या केंद्राच्या वीज कंपनीच्या कोरबा, विंध्याचल, रामागुंडम अशा कोळशाच्या केंद्रांतून. कळंगुटच्या हॉटेलात एसी चालतो तेव्हा राख छत्तीसगडमध्ये पडते. तिथल्या लोकांच्या वाट्याला राख आणि आपल्या वाट्याला आली वाहिनी. बाहेरची वीज गोव्यात आणणाऱ्या तमनार प्रकल्पाची ४०० केव्ही वाहिनी मोलेच्या जंगलातून नेण्यावरून २०२० मध्ये काय झाले ते सगळ्यांनी पाहिले. तरुण मुलांनी भिंती रंगवल्या, पत्रे लिहिली, माणसे रस्त्यावर उतरली. त्या मुलांना ‘मग तुम्हाला वीज नको का?’ असे विचारले गेले. प्रश्न योग्य होता, पण त्याचे उत्तर त्या मुलांकडे मागण्याऐवजी तुमच्या खात्याने द्यायला हवे होते. उत्तराचा एक भाग गावातल्या छपरांवर आहे. सगळे उत्तर तिथे आहे असे मी म्हणत नाही, वाहिन्या लागतीलच. पण जितकी वीज गावात तयार होऊन गावातच वापरली जाईल, तितका पुढच्या वाहिनीवरचा भार कमी.

देशाचेही असेच आहे. बसवलेल्या क्षमतेपैकी निम्मी बिगर-जीवाश्म इंधनाची झाली, अशी बातमी जुलै २०२५ मध्ये आली. पण वर्षभरात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे ७० टक्के अजूनही कोळशाचीच. वाढत्या देशाला वीज वाढतीच लागणार. गरिबाने पंखा लावू नये असे कोण म्हणेल? म्हणूनच नवी मागणी कुठून भागवायची हा प्रश्न खरा. जी-२० च्या ऊर्जामंत्र्यांची बैठक जुलै २०२३ मध्ये गोव्यात झाली, फेब्रुवारी २०२४ मध्ये बेतुलला इंडिया एनर्जी वीक झाला, २०५० पर्यंत गोवा पूर्णपणे नवीकरणीय ऊर्जेवर आणण्याचा संकल्प जाहीर झाला. पाहुणे आले, जेवून गेले. आमच्या वाड्यावरचा ट्रान्सफॉर्मर तोच आहे.

माझे मागणे असे. ज्याच्या नावावर छप्पर नाही त्याला दुसऱ्या छपरावरचा वाटा द्या. दिल्लीत २०१९ पासून यासाठी नियम आहेत, त्याला आभासी नेट मीटरिंग म्हणतात. संच एका जागी बसतो, त्याची वीज ठरलेल्या प्रमाणात अनेक ग्राहकांच्या बिलांतून वजा होते. घरी पॅनेल नको, कौल उचलायला नको, भावाची सही नको. लागतो फक्त ग्राहक क्रमांक, आणि तो प्रत्येकाकडे आहे.

छपरेही आहेत. पंचायत घर, सरकारी शाळा, मार्केटची पत्र्याची शेड, कदंबचे बसस्थानक, देवस्थानची अग्रशाळा (भक्तांच्या मुक्कामाची इमारत) आणि सभागृह. (देवळाच्या शिखराला हात लावू नका, अग्रशाळेच्या स्लॅबला महाजनांची, म्हणजे देवस्थान चालवणाऱ्यांची, हरकत नसावी, वीज देवस्थानलाही लागतेच.) डिचोली, सांगे भागात बंद खाणींचे उघडे माळ पडलेले आहेत, तिथे झाड नाही आणि शेतीही नाही. खाजन जमिनीकडे, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांकडे, मात्र कुणी पाहू नये. जिथे भात पिकते आणि मासळी वाढते, तिथे पॅनेल रोवणे ही स्वच्छ ऊर्जा नव्हे.

पहिला हक्क कुणाला, हेही लिहून ठेवा. महिन्याला शंभर-दोनशे युनिट वापरणारी घरे आधी. नाहीतर सभागृहाच्या छपरावरची वीजही शेवटी गावच्या कडेला झालेल्या व्हिलांनाच मिळेल.

तुमचे अभियंते दोन हरकती घेतील, आणि दोन्ही खऱ्या आहेत. पावसाळ्यात चार महिने उत्पादन पडते. खरे, पण एप्रिल-मेमध्ये मागणी चढते तेव्हाच ऊन सर्वांत कडक असते, आणि हिशोब वर्षाचा ठेवला तर पावसाची तूट उन्हाळ्यात भरून येते. दुसरी हरकत संध्याकाळची. सात वाजता सूर्य नाही आणि सगळ्यांचे दिवे, टीव्ही, एसी चालू. याला गावपातळीवर, ट्रान्सफॉर्मरजवळ सामायिक बॅटरी हा उपाय आहे. घरोघरी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या ठेवण्यापेक्षा ते सोपे आणि सुरक्षित. शिवाय हॉटेलांची धुलाई, बर्फाचे कारखाने, पाण्याचे पंप दुपारी चालवायला लावा. दिवसाच्या विजेला वेगळा, कमी दर लावण्याचे केंद्राचे नियम २०२३ मध्येच आले आहेत.

आणखी एक काम बिनखर्चाचे आहे. केंद्राच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे दहा किलोवॅटपर्यंतच्या संचाला तांत्रिक तपासणीशिवाय मान्यता गृहीत धरायची, आणि पाच किलोवॅटपर्यंत वाहिनी मजबूत करण्याचा खर्च वीज पुरवणाऱ्याने करायचा. हे गावात कुणाला माहीत नाही. ग्राहक मला विचारतो, ‘आमच्या ट्रान्सफॉर्मरवर जागा आहे काय रे?’ मी खांबाकडे बघून काय सांगू? प्रत्येक ट्रान्सफॉर्मरची क्षमता किती, त्यावर सौर संच किती लागले, आणखी किती लागू शकतात, एवढी यादी पंचायतीच्या फलकावर लावा.

ऑक्टोबरच्या ग्रामसभेला तुमचा सहाय्यक अभियंता ती यादी आणि सामायिक संचाचा अर्ज घेऊन आला, तर लोक येतील. गणपूर्तीची चिंता नको, वीजबिलाचा विषय म्हटल्यावर आमच्याकडे सभागृह भरते. आम्ही चार-पाच वायरमन छपरांची मोजमापे आधीच करून ठेवू, त्याचे पैसे घेणार नाही.

कळावे,
आपला,
सत्तरीतला एक वायरमन