द्वोर्झाकच्या अमेरिकन शिष्यशाखा

पुणे

प्रिय शुभा,

सस्नेह नमस्कार.

तुझ्या पत्रातला एक प्रश्न आठवडाभर डोक्यातून जात नाही. तू लिहिलंस, "अमेरिकेकडे ऑर्केस्ट्रा आहेत, पैसा आहे, सिनेमा आहे, पण गुरुपरंपरा कुठे आहे?" तू मिरजेची, किराणा घराण्याची तालीम घेतलेली, त्यामुळे कुठल्याही गाण्याचं आधी घराणं विचारणार हे मला ठाऊक आहे. पण परंपरा नाही हे मला पटत नाही. ती आहे, चांगली चार पिढ्यांची आहे. फक्त ती एका सभागृहात सापडत नाही, म्हणून दिसत नाही. या लोकांवर माझा फार जीव आहे, तेव्हा पत्र लांबलं तर सांभाळून घे.

सुरुवात एका परदेशी माणसापासून करते. १८९२ च्या सप्टेंबरात बोहेमियाचा संगीतकार आंतोनिन द्वोर्झाक न्यूयॉर्कला उतरला. जिनेट थर्बर या बाईंनी तिथे नॅशनल कॉन्झर्व्हेटरी ही संगीतशाळा काढली होती आणि वर्षाला १५,००० डॉलर देऊन त्याला संचालक म्हणून बोलावलं होतं. त्या काळात ही रक्कम अवाढव्य. या बाईंचं मला फार कौतुक वाटतं. गुलामगिरी संपून जेमतेम २७ वर्षं झाली होती, आणि त्यांच्या शाळेत मुली आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी दोघांनाही प्रवेश होता.

तिथे हॅरी बर्ले नावाचा तरुण गायक शिकत होता. त्याचे आंधळे आजोबा स्वतः गुलामगिरीतून सुटलेले. मळ्यांवरची गाणी त्याने त्यांच्याकडून ऐकून ऐकून उचलली होती. द्वोर्झाक संध्याकाळी त्याला घरी बोलवायचा, ती गाणी पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचा. १८९३ च्या मे महिन्यात द्वोर्झाकने वर्तमानपत्रात जाहीरच करून टाकलं की या देशाच्या पुढच्या संगीताचा पाया याच लोकांच्या गाण्यांवर रचला पाहिजे. बॉस्टनच्या प्रतिष्ठित संगीतकारांना ते अजिबात रुचलं नाही. त्याच वर्षी १६ डिसेंबरला कार्नेगी हॉलमध्ये त्याची 'न्यू वर्ल्ड' सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची मोठी रचना, वाजली. तिच्या दुसऱ्या भागातली संथ धून तू नक्की कुठेतरी ऐकली असशील. त्याच्याच एका शिष्याने, विल्यम आर्म्स फिशरने, १९२२ मध्ये तिला शब्द दिले, आणि आज कित्येक लोक ते 'गोइंग होम' जुनं पारंपरिक भक्तिगीतच समजतात.

आता शाखा बघ. त्याच शाळेत विल मॅरियन कुक थोडा काळ शिकला. बर्लिनमध्ये व्हायोलिन शिकून आलेला हा कृष्णवर्णीय कलावंत. मैफिलीच्या जगात त्याला जागा मिळेना, म्हणून तो ब्रॉडवेकडे वळला आणि १९०३ मध्ये 'इन डाहोमी' हे कृष्णवर्णीय कलाकारांचं संगीतनाटक तिथल्या मोठ्या रंगमंचावर आणलं. पुढे १९२० च्या दशकात जॅझचा ड्यूक एलिंग्टन त्याच्याकडे शिकला. कुठे, माहीत आहे? न्यूयॉर्कच्या टॅक्सीत. सेंट्रल पार्कमधून फेऱ्या मारताना एलिंग्टन एखादी धून म्हणून दाखवायचा आणि कुक ती कशी फिरवायची, उलटायची, वाढवायची ते सांगायचा. आधी सरळ, तर्काला धरून असलेली वाट शोध, ती सापडली की ती सोड आणि आतून येईल तसं जा, हा त्याचा उपदेश एलिंग्टनने आत्मचरित्रात नोंदवून ठेवला आहे. शुभा, तुझ्या गुरुजींनी रागाच्या बढतीबद्दल, म्हणजे तो हळूहळू फुलवण्याबद्दल, जे सांगितलं होतं, ते याहून काय वेगळं होतं?

आणि या एलिंग्टनचं काय झालं ते ऐक. १९४३ मध्ये त्याने कार्नेगी हॉलमध्ये 'ब्लॅक, ब्राउन अँड बेज' ही आपल्या समाजाचा इतिहास सांगणारी दीर्घ रचना सादर केली. समीक्षकांनी तिला फारसा थारा दिला नाही. १९६५ मध्ये पुलित्झर या अमेरिकेतल्या मानाच्या पुरस्काराच्या परीक्षकांनी त्याच्या आयुष्यभराच्या कामासाठी विशेष सन्मानाची शिफारस केली, ती वरच्या मंडळाने फेटाळली. तीनपैकी दोन परीक्षकांनी राजीनामे दिले. एलिंग्टन तेव्हा ६६ वर्षांचा होता. तो म्हणाला, नियती माझ्यावर दया करते आहे, इतक्या लहान वयात मी फार प्रसिद्ध व्हावं असं तिला वाटत नाही. या उत्तरातली खानदानी अदब पाहिली की मला भरून येतं. सन्मान मिळाला, पण १९९९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी. १९६३ मध्ये तो भारतातही येऊन गेला होता. त्याचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न याने दिल्लीत ऐकलेल्या साळुंकीची शीळ त्यांच्या 'फार ईस्ट स्वीट'मध्ये क्लॅरिनेटवर आहे. तुकडा छोटा आहे, पण जरूर ऐक.

दुसरी शाखा रुबिन गोल्डमार्कची. हा द्वोर्झाकचा शिष्य, पुढे न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संगीतशाळेत रचना शिकवू लागला. ब्रुकलिनमधल्या, रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यू कुटुंबांतल्या दोन मुलांनी त्याच्याकडे धडे घेतले, एकाने चार वर्षं, दुसऱ्याने थोडेच दिवस. पहिला एरन कॉपलंड, जन्म १९००. दुसरा जॉर्ज गर्श्विन, जन्म १८९८.

गर्श्विनबद्दल मी तटस्थपणे लिहूच शकत नाही. पंधराव्या वर्षी शाळा सोडून तो गाण्यांच्या प्रकाशकाकडे पेटीवाल्यासारखा बसला. येणाऱ्या गिऱ्हाइकाला नवी गाणी पियानोवर वाजवून दाखवायची, आठवड्याला १५ डॉलर. दहा वर्षांनी, १२ फेब्रुवारी १९२४ ला, न्यूयॉर्कच्या इओलियन हॉलमध्ये त्याची 'ऱ्हॅप्सोडी इन ब्लू' झाली. सुरुवातीला क्लॅरिनेट खालून वर एकच लांब घसीट घेते. स्वरलिपीत तिथे सुटे सुटे स्वर होते. तालमीत रॉस गॉर्मन या वादकाने ते गंमत म्हणून मींडेने जोडले आणि गर्श्विनने सांगितलं, असंच ठेव. मींड! तीही तालमीत सुचलेली. तू पहिली ती जागा ऐक, मग पुढचं.

एवढं नाव झाल्यावरही त्याला शिकायची भूक होती. १९२८ मध्ये पॅरिसला जाऊन त्याने नादिया बुलांजे या तिथल्या संगीतशिक्षिकेकडे शिकवणी मागितली. त्यांनी नकार दिला. त्याचं जे स्वतःचं आहे ते बिघडेल, अशी त्यांची भीती होती. १९३४ च्या उन्हाळ्यात तो साउथ कॅरोलायनातल्या फॉली बेटावर जाऊन राहिला आणि तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या प्रार्थनासभांतून गाऊ लागला. त्यातून १९३५ चा 'पोर्गी अँड बेस' हा ऑपेरा उभा राहिला. ब्रॉडवेवर त्याचे १२४ प्रयोग झाले. एवढ्यात खर्चही निघाला नाही. गोऱ्या माणसाने कृष्णवर्णीयांच्या गरिबीचं चित्र असं रंगवावं का, हा वाद तेव्हाही होता, आजही आहे, आणि तो रास्त आहे असं मला वाटतं. पण त्यातली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. १९३६ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरमध्ये प्रेक्षकांत कृष्णवर्णीयांना वेगळं बसवायची रीत होती. पोर्गी करणारा टॉड डंकन आणि बेस करणारी ॲन ब्राउन अडून बसले, तसं असेल तर आम्ही गाणार नाही. थिएटरला त्या प्रयोगांपुरतं नमतं घ्यावं लागलं. पुढच्याच वर्षी मेंदूतल्या गाठीने गर्श्विन गेला. वय ३८.

कॉपलंडला मात्र बुलांजेबाईंनी शिकवलं. १९४४ मधलं त्याचं 'ॲपलेशियन स्प्रिंग' हे नृत्यासाठीचं संगीत मूळचं अवघ्या १३ वाद्यांसाठी आहे. तेच ऐक, मोठ्या ऑर्केस्ट्राचं नंतर. त्यात शेकर या साध्या राहणीच्या पंथाचं एक १८४८ मधलं भजन येतं आणि एकेका आवर्तनात पालटत जातं. साधेपणा इतका भरदार असू शकतो हे मला तिथे कळलं.

फ्लॉरेन्स प्राइसबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८८७ मध्ये लिटल रॉकला जन्मलेली ही बाई. १५ जून १९३३ ला शिकागो सिंफनीने तिची पहिली सिंफनी वाजवली. मोठ्या अमेरिकन ऑर्केस्ट्राने कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी वाजवण्याची ती पहिलीच वेळ. सिंफनी ई मायनरमध्ये आहे, द्वोर्झाकच्या 'न्यू वर्ल्ड'चीच पट्टी, आणि तिसऱ्या भागात जूबा आहे, मळ्यांवर अंगावर थापा देत नाचायचा तो नाच. द्वोर्झाकने ४० वर्षांपूर्वी जे सांगितलं होतं ते ज्यांच्या घरचं होतं त्यांच्याच लेकीने करून दाखवलं. १९४३ मध्ये तिने बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालक कुसेव्हित्स्की यांना पत्र लिहिलं की माझ्या वाटेत दोन अडथळे आहेत, माझं स्त्री असणं आणि माझा वर्ण. त्यांनी तिच्या सिंफनी कधी वाजवल्या नाहीत. १९५३ मध्ये ती गेली. २००९ मध्ये इलिनॉयमधल्या सेंट ॲन गावच्या एका पडक्या घरात तिच्या हस्तलिखितांची खोकीच्या खोकी मिळाली, त्यात व्हायोलिनचे दोन कॉन्चेर्टो, म्हणजे व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचना, होते. चौथी सिंफनी पहिल्यांदा वाजली ती २०१८ मध्ये. तू परंपरा कुठे आहे म्हणून विचारतेस ना, तिचा काही भाग असा गळक्या छपराखाली पडून होता.

चार्ल्स आइव्ह्जचं मात्र वेगळंच. त्याचे गुरू म्हणजे त्याचे वडील, कनेटिकटमधल्या डॅनबरी गावचे बँडमास्तर. आइव्ह्जने पोटासाठी विम्याचा धंदा केला, उत्तम केला, आणि रात्री, सुटीच्या दिवशी असं संगीत लिहिलं की ते वाजवायला कोणी धजेना. आपला 'कॉन्कॉर्ड' हा पियानोचा सोनाटा त्याने स्वतःच्या खर्चाने छापून फुकट वाटला. त्याची एक प्रत गोल्डमार्कच्या पियानोवर पडलेली कॉपलंडने विद्यार्थी असताना पाहिली आणि गोल्डमार्कने त्याला बजावलं, असल्या गोष्टींना हात लावू नकोस! पण पुढे कॉपलंडने आइव्ह्जची गाणी लोकांपुढे आणलीच. न्यूयॉर्कचा आणखी एक तरुणही आइव्ह्जमागे वेडा झाला होता, त्याने रेडिओवरून आइव्ह्ज वाजवला. त्याचं नाव बर्नार्ड हर्मन. तोच हर्मन, ज्याने १९६० मध्ये हिचकॉकच्या 'सायको' या सिनेमाला फक्त तंतुवाद्यांचं संगीत दिलं. स्नानगृहाच्या प्रसंगाला संगीत नको असं हिचकॉकचं म्हणणं होतं. हर्मनने तरीही लिहिलं, ऐकवलं, आणि हिचकॉकने मत बदललं. सिनेमाचा संगीतकार जॉन विल्यम्सच्या 'जॉज'मधले दोन स्वर सगळ्या जगाला पाठ आहेत, तेव्हा त्याच्यावर मी पान घालवत नाही.

लेनर्ड बर्नस्टाइन १९३७ मध्ये विद्यार्थी असताना कॉपलंडला भेटला आणि जन्मभर त्याला आपल्या रचना दाखवत राहिला. १९५१ मध्ये आइव्ह्जची सुमारे ५० वर्षं पडून असलेली दुसरी सिंफनी पहिल्यांदा वाजवली ती बर्नस्टाइनने. म्हाताऱ्या आइव्ह्जने ती रेडिओवर ऐकली. १९५७ मध्ये त्याच बर्नस्टाइनचं 'वेस्ट साइड स्टोरी' ब्रॉडवेवर आलं. त्यातलं 'मारिया' तू तंबोऱ्यावर गाऊन बघ. नायिकेच्या नावाचे तीन स्वर म्हणजे सा, तीव्र मध्यम, पंचम. तीव्र मध्यमावर जीव टांगतो आणि पंचमावर सुटतो. तेच अंतर टोळ्यांच्या भांडणांतही सगळीकडे पेरलेलं आहे, तिथे मात्र ते सुटतच नाही. एका स्वरसंगतीवर एवढं नाटक उभं करणं ही मोठी करामत आहे.

त्या नाटकाची गीतं लिहिली स्टीव्हन सॉन्डहाइमने. त्याची तालीमही सांगते. शाळकरी वयात त्याने एक संगीतिका लिहून शेजारच्या ऑस्कर हॅमरस्टाइन या ब्रॉडवेच्या गीतकाराला दाखवली. वाचल्यातलं हे सगळ्यात वाईट आहे, असं हॅमरस्टाइनने सांगितलं, आणि मग अख्खी दुपार बसून पहिल्या ओळीपासून एकेक ओळ का चुकली ते समजावलं. सॉन्डहाइम पुढे आयुष्यभर सांगत राहिला की त्या एका दुपारी मी जेवढं शिकलो तेवढं लोक वर्षानुवर्षं शिकत नाहीत. याला तालीम म्हणायचं नाही तर कशाला?

आणि आता तुझ्याच घरापर्यंत येते. बुलांजेबाईंकडे शिकलेला फिलिप ग्लास १९६० च्या दशकात पॅरिसमध्ये रविशंकरांचं संगीत स्वरलिपीत उतरवत होता. तिथे अल्लारखाँसाहेबांच्या तबल्याने त्याची तालाकडे बघायची दृष्टीच पालटली. पुढे टॅक्सी चालवत, नळजोडणी करत त्याने रचना केल्या, आणि १९८० मध्ये गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यावर 'सत्याग्रह' हा ऑपेरा आणला. त्याचे सगळे शब्द गीतेतले, संस्कृतात. टेरी रायली तर १९६४ मध्ये 'इन सी' लिहून नावाजलेला असूनही १९७० मध्ये पंडित प्राणनाथांचा गंडाबंद, म्हणजे विधीने गंडा बांधून घेतलेला, शिष्य होऊन बसला आणि गुरूंच्या अखेरपर्यंत शिकत राहिला. प्राणनाथ अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. वहीद खाँ म्हणजे किराणा, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नात्यातले. ज्या करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तू मिरजेच्या दर्ग्यात दरवर्षी उरुसाला गायला बसतेस, त्यांच्याच घराण्याची एक फांदी कॅलिफोर्नियात आहे.

या महिनाअखेर तू पुण्याला येशील तेव्हा दोन संध्याकाळी मोकळ्या ठेव. पहिल्या दिवशी प्राइसची सिंफनी आणि 'ॲपलेशियन स्प्रिंग' ऐकू, दुसऱ्या दिवशी एलिंग्टन आणि गर्श्विन. प्राणनाथांचं मुलतानीचं ध्वनिमुद्रणही काढून ठेवते. त्यातल्या कोमल रिषभाबद्दल मला तुझ्याशी भांडायचं आहे.

काकांना नमस्कार सांग. मुलीची परीक्षा कशी झाली ते कळव.

तुझीच,
मंजू