शेपटीवरची अक्षरं

गंगापूर रोड, नाशिक
वैशाखातला रविवार, भर दुपार

प्रिय बाळ्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया राखत बसलो होतो, म्हणून धड बोलता आलं नाही. कावळ्यांवर नजर ठेवायची आणि जर्मनीच्या कायद्यावरही बोलायचं, हे एकदम जमत नाही. म्हणून आज पत्र. लांबेल, चहा घेऊन बस.

तुझा प्रश्न एवढाच होता की आपलं हडपसरचं ग्लायडरचं, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचं, लायसन स्टुटगार्टला चालेल का. थेट चालणार नाही. पण का चालणार नाही ते नीट समजून घे, कारण मला ते अमेरिकेत गेल्यावर समजलं आणि तोवर उशीर झाला होता.

तू कुठल्या देशाच्या आभाळात उडतोस याआधी बघतात ते ग्लायडरच्या शेपटीकडची अक्षरं. आपल्याकडे व्हीटी, जर्मनीत डी, अमेरिकेत एन. विमान ज्या देशात नोंदवलेलं, त्या देशानं दिलेलं किंवा मान्य केलेलं लायसन वैमानिकाकडे हवं, असं 1944 च्या शिकागो करारातच आहे. म्हणजे कागदोपत्री तू व्हीटीवालं ग्लायडर तिकडे नेऊन उडवू शकशील. आता सामानात ग्लायडर कोण नेतो ते सांग.

बरं, आपलं लायसन कच्चं आहे असं नाही, पण नुसत्या कार्डावरून किती शिकलो ते कळत नाही. आंतरराष्ट्रीय किमान अट फार हलकी आहे: वय 16, उड्डाण 6 तास, त्यात 2 तास सोलो, म्हणजे एकट्यानं, आणि 20 लाँच, म्हणजे ग्लायडर वर खेचून सोडणं. युरोपात एसपीएल नावाचं जे लायसन असतं, त्याला शिकण्याचे 15 तास लागतात, त्यातले 10 गुरुजींबरोबर, 2 देखरेखीखाली सोलो, आणि 45 लाँच-लँडिंग. शिवाय एक लांबचा प्रवास, एकट्यानं 50 किलोमीटर किंवा शिक्षकाबरोबर 100. किमान अट आणि त्यांची अट यात एवढं अंतर असल्यावर तुझं कार्ड बघून ते नुसती मान कशी डोलावतील?

अमेरिकेत माझं वेगळ्या वाटेनं झालं. ताईकडे तीन महिने राहायचं ठरलं तेव्हा अर्ज केला. तिथे परदेशी लायसनच्या आधारावर स्थानिक प्रायव्हेट सर्टिफिकेट देतात, परीक्षा नाही. पण आधी तिथलं विमान खातं आपल्या डीजीसीएला, म्हणजे इकडच्या विमान खात्याला, विचारतं की बाबा, हा माणूस तुमचाच का, लायसन खरं का. होकार आला की तुला पत्र येतं आणि ते सहा महिने चालतं. मग त्यांच्या कार्यालयात समक्ष जायचं.

यात माझी फजिती झाली ती नावावरून. पासपोर्टवर माझ्या नावापुढे अण्णांचं नाव आहे, लायसनवर नाही. विचारणा आली की ही दोन माणसं आहेत का. आपल्याकडे बापाचं नाव मधे लावतात हे समजावायला मी दीड पान लिहिलं, आणि शेवटी कामाला आलं ते एक साधं प्रतिज्ञापत्र. यात पाच आठवडे गेले. दोष कुणाचा नाही, लायसनचा फॉर्म मीच घाईत भरला होता. तू तुझी दोन्ही कागदं आजच शेजारी ठेवून बघ. स्पेलिंगसुद्धा. 'व्ही' आणि 'डब्ल्यू'नं आपला घात होतो.

ते सर्टिफिकेट हातात आलं आणि वाचून हसूच आलं. भारतीय लायसनच्या आधारावर दिलेलं, ते सोबत असेल तरच वैध, आणि त्यावरची सगळी बंधनं इथेही लागू. पाठराखणीशिवाय नवरी पाठवत नाहीत, तसं. म्हणून म्हणतो, मेडिकल आणि लायसन इकडचं संपू देऊ नकोस. मूळ आटलं की फांदी वाळली.

खरी परीक्षा मैदानावर झाली. तिथल्या क्लबात विंच, म्हणजे केबल गुंडाळून ग्लायडर वर खेचणारं यंत्र, नव्हतीच! विमानाच्या मागे दोरानं ओढून नेतात, एरोटो. आपल्याला हडपसरची सवय: केबल ताणली, नाक वर, पाठ सीटला चिकटली, आणि श्वास घेईपर्यंत हजार फूट. इथे साठेक मीटर लांब दोर, पुढे एक पिवळं विमान, आणि त्याच्या बरोबर मागे आपण, त्याची प्रत्येक हालचाल जपत. पहिल्या खेपेला मी असा हेलकावत होतो की रामकुंडावरची दिव्यांची द्रोणंसुद्धा माझ्यापेक्षा सरळ जात असतील. मागे बसलेले शिक्षक काही बोलले नाहीत, फक्त दोनदा स्टिक हातात घेतली. तिथे लाँचच्या प्रत्येक पद्धतीचं वेगळं शिक्षण आणि शिक्षकाची वेगळी सही लागते. शिवाय फ्लाइट रिव्ह्यू, म्हणजे शिक्षकाबरोबरची उजळणी, त्यासाठी ग्लायडरला तीन छोटी उड्डाणं चालतात. सहाव्या एरोटोला दोर सोडला आणि एक थर्मल, वर चढणारा गरम हवेचा झोत, मिळालं. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही.

आता तुझं. जर्मनीत क्लबांमध्ये विंच भरपूर, त्या बाबतीत तू माझ्यापेक्षा नशीबवान. एसपीएल तिथे ज्या त्या राज्याचं खातं देतं, म्हणून आधी जवळचा क्लब गाठ आणि जुन्या तासांपैकी किती धरतील ते त्यांच्यामार्फत विचार. लेखी परीक्षेचे नऊ विषय आहेत, त्यातला हवाई कायदा आतापासून वाच. वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि उंची मीटरमध्ये दाखवणारी घड्याळं असतील. फुटांत विचार करणारं डोकं पहिले चार दिवस गोंधळतं. आणि क्लब म्हणजे उडून घरी जाणं नव्हे. दिवसभर ग्लायडर ढकल, विंच चालव, संध्याकाळी पूस. ते तुला आवडेल, हडपसरलाही तू केबलच्या मागेच जास्त धावलास.

वासरकुप्पे डोंगरावर मात्र जाऊन ये. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांवर इंजिनाच्या विमानांची बंधनं आली, आणि 1920 साली तिथे ग्लायडरच्या स्पर्धा सुरू झाल्या. इंजिन काढून घेतल्यावर माणसं काय करतात बघ!

गेल्या महिन्यात मी अंजनेरीला गेलो होतो. कड्याला लागून दोन गिधाडं डावीकडे गिरक्या घेत होती. बराच वेळ बघत राहिलो. मग लक्षात आलं, माझा उजवा हातही मांडीवर हळूच डावीकडे वळत होता.

तुझं लॉगबुक माझ्या कपाटात सापडलं, म्हणजे तू हरवलं म्हणून गाव गोळा केलंस ते. एकूण 65 लाँच आहेत, पण शेवटच्या चारांवर सरांची सही नाही. ते चार बेरजेत धरू नकोस, 61 च सांग. कव्हरवरचा डाग चहाचा समजू नकोस, ग्रीसचा आहे. विंचच्या ड्रमवर तूच ठेवलं होतंस. उद्या कुरियरनं पाठवतो.

वहिनींना नमस्कार. वर गच्चीवर कावळा ओरडतोय, जातो.

तुझा,
बंड्या