शिव्या रस्त्याला, मत चिन्हाला

महोदय,

गणपतीला गावी येणारा चाकरमानी माणगावच्या कोंडीत बसून आमदार-खासदारांचा यथेच्छ उद्धार करतो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून रखडतंय, तेव्हा राग रास्तच. पण तोच माणूस मतदानाला पक्षाने सोडलेल्या गाडीतून येतो आणि बटण दाबतो ते घरात चालत आलेल्या चिन्हाचं. उमेदवाराने मधल्या काळात दोन पक्ष बदलले असले तरी ‘आपलो माणूस’ म्हणून सगळं माफ!

कोकणाच्या याच पट्ट्याने, जुन्या राजापूर मतदारसंघाने, समाजवादी नेते बॅ. नाथ पै यांना तीनदा आणि मधु दंडवते यांना सलग पाचदा लोकसभेत पाठवलं. १९८४ च्या काँग्रेस लाटेतही दंडवते टिकले. १९९१ मध्ये मात्र त्यांनाही घरी बसवलं. (तो निर्णय मला आजही पटत नाही, पण मतदार कुणाला बांधलेला नव्हता.) आता वाडीतल्या पाखाडीला (पायवाटेला) काँक्रीट मिळालं की पाच वर्षं मिटली.

आणि निकाल मनासारखा लागला नाही की मशीनवर खापर. शंका जरूर घ्यावी. पण मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष झालेल्या मतांचा आकडा फॉर्म १७-सी वर लिहून पोलिंग एजंटला देतो, तो घ्यायला आणि मोजणीशी ताडून बघायला कुणीतरी जागेवर हवं ना? आमच्या केंद्रावर एका पक्षाचा एजंट दुपारी जेवायला म्हणून गेला, तो परतलाच नाही. निकालानंतर सर्वांत मोठ्याने ओरडत होता तोच.

— एक मतदार, देवगड तालुका