लेकी बोले, सुने लागे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

प्लेटोचे वैर सोफिस्टांशी, म्हणजे फी घेऊन वक्तृत्व शिकवणाऱ्या फिरत्या गुरूंशी, असे तू लिहिले आहेस आणि ते खोटे नाही; पण त्याची खरी भाऊबंदकी होती ती आयसॉक्रेटिसशी, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आवाज क्षीण आणि अंगी सभाधीटपणा नाही, म्हणून नागरिकांच्या सभेपासून दूर राहिलेल्या या भाषणलेखकाने इ.स.पू. ३९२ च्या सुमारास, म्हणजे प्लेटोच्या अकादमीच्या थोडे आधीच, ॲथेन्समध्ये शाळा काढली आणि फी घेऊन सार्वजनिक जीवनासाठी तरुण घडवायला सुरुवात केली.

वारशाचा वाद होता तो ‘फिलोसोफिया’ म्हणजे तत्त्वज्ञान या एका शब्दाचा: तो कोणाच्या शिक्षणाला शोभतो? प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथातल्या राज्यकर्त्याला विशीपासून दहा वर्षे गणित, मग पाच वर्षे तर्कचर्चा आणि पंधरा वर्षे प्रत्यक्ष कारभार करावा लागतो, राज्य हाती येते ते पन्नाशीला. आयसॉक्रेटिस म्हणतो, भूमिती आणि खगोल ही तरुण बुद्धीची तालीम झाली, तिला तत्त्वज्ञान म्हणू नये. पुढे काय करावे हे निश्चित सांगणारी विद्या माणसाला मिळणेच शक्य नाही, तेव्हा ज्याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो तोच शहाणा. मला विचारशील तर गावचा कारभार मी आयसॉक्रेटिसच्या शिष्याकडे देईन, पण वाचायला बसलो की हात प्लेटोकडेच जातो.

भांडण मात्र बहुधा नाव न घेता चाले. प्लेटोच्या ‘युथिडेमस’ या संवादाच्या शेवटी त्याचा गुरू सॉक्रेटिस एका अनामिक भाषणलेखकाची हजेरी घेतो: तत्त्वज्ञान आणि राजकारण यांच्या बांधावर उभा राहून हा गृहस्थ स्वतःला दोन्हीकडच्यांहून शहाणा समजतो, आणि दोन्हीकडे उणा पडतो. तो आयसॉक्रेटिसच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नाव घेतले आहे ते ‘फीड्रस’ या दुसऱ्या संवादात, आयसॉक्रेटिस या तरुणाच्या बुद्धीत उपजतच काही तत्त्वज्ञान आहे, असे तिथे सॉक्रेटिस म्हणतो. प्लेटोने हे लिहिले तेव्हा तो ‘तरुण’ साठीच्या घरात होता. ही शाबासकी की चिमटा, ते तूच ठरव.

प्लेटोनंतर अकादमी सांभाळणाऱ्या स्प्यूसिपसच्या नावावर मॅसिडोनचा राजा फिलिप याला लिहिलेले एक पत्र आहे. त्यात तक्रार अशी की, आयसॉक्रेटिसने एकच भाषण आधी स्पार्टाचा राजा अजेसिलाउस याला, मग किरकोळ फेरफार करून सिसिलीतल्या सायराक्यूजचा सत्ताधीश डायोनिसियस याला, पुढे थेसलीच्या अलेक्झांडरला (हा सिकंदर नव्हे) आणि शेवटी फिलिपला खपवले. हा स्प्यूसिपस प्लेटोचा सख्खा भाचा. मामाने त्याच सायराक्यूजच्या दरबारी तीन वाऱ्या केल्या होत्या, त्याचा उल्लेख पत्रात नाही.

तुझा,
अनंत