बातमी उंदरांची आहे, हे मथळ्यातच सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘दोन औषधांच्या जोडीने प्रोस्टेटचा कर्करोग नष्ट’ असा मथळा आपल्या आरोग्य पुरवणीत नुकताच वाचला. प्रयोग उंदरांवरचा होता, हे शेवटच्या परिच्छेदात कळलं. आमच्या सोसायटीतले एक काका ते कात्रण घेऊन माझ्याकडे आले. ते याच कर्करोगासाठी दर तीन महिन्यांनी पुरुषी हार्मोन दाबणारं इंजेक्शन घेतात, अंगातून वाफा निघतात, थकवा येतो. ‘हे नवीन औषध येईपर्यंत इंजेक्शन थांबवलं तर चालेल का?’ हे ऐकून माझ्या पोटात धस्स झालं.

मी प्राणिगृहात तंत्रज्ञ होते. असे प्रयोग आमच्या हाताखालून जात. अंगावर केस नसलेला, थायमस ग्रंथी नसलेला उंदीर. प्रतिकारशक्ती अपुरी, म्हणूनच माणसाच्या कर्करोगाच्या पेशी त्याच्या अंगात तग धरतात. कुशीला कातडीखाली गाठ वाढू द्यायची, व्हर्नियरने तिची लांबी-रुंदी मोजायची, उंदराचं वजन करायचं. पिंजऱ्यांचे चार गट: एकाला औषधाविना नुसतं द्रावण, एकाला पहिलं औषध, एकाला दुसरं, शेवटच्याला दोन्ही. मधले दोन गट नसतील तर गुण जोडीचा की एकट्या औषधाचा, हे कळायला मार्गच नाही. गाठ आक्रसली पण उंदीर खंगत गेला, तर त्या यशाला अर्थ नाही. शिवाय माणसात हा रोग पसरला की बहुतेक वेळा हाडं धरतो. कुशीतली गाठ सहसा तसं करत नाही.

हे प्रयोग वाया जातात असं मला मुळीच म्हणायचं नाही. २०११ साली पीटेन हे गाठींना आवर घालणारं जनुक काढून टाकलेल्या उंदरांत दिसलं की कर्करोगाच्या पेशींना वाढायला लावणारी पुरुषी हार्मोनची वाट अडवली की पीआय३के ही संदेशांची दुसरी वाट जोर धरते, आणि दुसरी अडवली की पहिली. दोन्ही एकदम अडवल्यावर गाठी जवळपास विरघळल्या. फार मोलाचा शोध होता तो. पण त्यातलं पीआय३केची वाट अडवणारं डॅक्टोलिसिब हे औषध, पुरुषी हार्मोन बनू न देणाऱ्या अबिराटेरोनच्या जोडीने रुग्णांना दिलं, तेव्हा त्यांना ते सोसेना. पुढे त्याच वाटेवरच्या इपाटासर्टिबची अबिराटेरोनशी जोडी लावून मोठी चाचणी झाली. २०२१ मध्ये निकाल छापून आला: गाठीत पीटेन हरवलेल्या रुग्णांत रोग बळावेपर्यंतचा काळ नुसत्या अबिराटेरोनवरच्या साडेसोळा महिन्यांवरून जोडीने साडेअठरा झाला. उंदरांतल्या त्या निकालानंतर दहा वर्षांनी हाती आले ते दोन महिने. ते रुग्णासाठी मोलाचेच, पण त्याला ‘नष्ट’ म्हणत नाहीत.

तेव्हा विनंती अशी की उंदीर असतील तर मथळ्यातच उंदीर लिहा. एकेकट्या औषधाचा निकाल काय होता आणि प्राण्यांची तब्येत कशी राहिली, हेही बातमीदाराने विचारावं. आणि चालू उपचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत, ही ओळ अशा प्रत्येक बातमीखाली चौकटीत छापा.

– एक निवृत्त प्राणिगृह तंत्रज्ञ, ठाणे