कास्कावेलच्या गुरुजींना पुण्याहून पत्र

सदाशिव पेठ, पुणे

तीर्थरूप गुरुजी,

साष्टांग नमस्कार.

मॉरिशसहून परतून आम्हांला तीन आठवडे झाले. घरी पोहोचताच तुम्हांला फोन केला, पण फोनवर आभार मानताना चार शब्दांपुढे जाता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांनी वाचावे असेही मला वाटते, कारण तुम्ही केलेली मदत आमच्यापुरती असली तरी तिच्यामागचे तुमचे आयुष्यभराचे काम आमच्यापुरते नाही.

त्या रात्री फ्लिक आँ फ्लाक या समुद्रकाठच्या गावातल्या हॉटेलात आमच्या नावाची नोंदच नाही असे समजले तेव्हा साडेनऊ वाजले होते. पुण्यातून दोन खोल्यांचे पूर्ण पैसे भरलेले, पावती हातात, तरीही काउंटरवरचा माणूस खोली रिकामी नाही एवढेच सांगत होता. माझी खरी काळजी वेगळीच होती. माझे वडील, आप्पा, ७६ वर्षांचे आहेत आणि रोज इन्सुलिन घेतात. न उघडलेली पेने २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात आणि थर्मासमधला बर्फ विमानतळावरच विरघळला होता. आम्ही आपसांत बोलत असताना सामान उतरवणाऱ्या टॅक्सीचालकाने 'तुम्ही मराठी?' एवढेच विचारले आणि खिशातून मोबाइल काढून तुम्हांला फोन लावला. प्राथमिक शाळेत तो तुमच्या हाताखाली मराठी शिकला होता. बोलण्याची सवय गेली होती, पण मराठी माणूस अडचणीत आहे म्हटल्यावर त्याला पहिली आठवण आपल्या मास्तरांची झाली.

पुढच्या अर्ध्या तासात आम्ही तुमच्या ओट्यावर होतो. काकूंनी आमची नावे विचारण्याआधी आप्पांच्या हातातली पेनांची डबी घेतली आणि फ्रिजमध्ये आंब्याच्या लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली. तो पिवळा बल्ब, ती बरणी आणि तिला टेकवलेली आमची निळी डबी मला आजही जशीच्या तशी दिसते, कारण ती आत गेली त्या क्षणी माझ्या छातीवरचे ओझे उतरले. मग तुम्ही ओळखीच्या तीन ठिकाणी फोन केलेत, तळमजल्यावरची खोली मिळवलीत आणि आप्पांच्या गुडघ्यांसाठी न्हाणीघराला उंबरा नाही ना, हेही विचारून घेतलेत. सख्ख्या नातेवाइकालाही हा प्रश्न सुचला असता की नाही, मला शंका आहे.

आमच्या सहलीच्या आखणीत समुद्र होता, शामारेलची रंगीत माती होती, ल मोर्नचा डोंगर होता. करारावर आलेले हिंदुस्थानी मजूर जिथे जहाजातून उतरत, तो आप्रवासी घाट नव्हता. पोर्ट लुईला तुम्ही आम्हांला तिथे घेऊन गेलात ही या प्रवासातली सर्वांत मोठी मिळकत आहे, असे मी मनापासून मानते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून ३६ मजूर महिना ५ रुपयांच्या करारावर या बेटावर उतरले, आणि १८३४ ते १९२० या काळात सुमारे साडेचार लाख माणसे हिंदुस्थानातून इथे आली, त्यांतली काही पुढे इतर वसाहतींत गेली, हे मी परतल्यावर कुठेही वाचू शकले असते. पण त्या सोळा दगडी पायऱ्यांसमोर उभे राहून 'माझे खापरपणजोबा मुंबईच्या बंदरातून निघाले आणि इथून वर चढले' असे तुम्ही मराठीत म्हणालात, तेव्हा आप्पांनी टोपी काढली. पूर्वी समुद्र या पायऱ्यांना लागत होता, आता मधून रस्ता गेला आहे, हेही तुम्हीच दाखवलेत. उतरलेल्यांना एक-दोन दिवस तिथेच ठेवून नोंदी होत आणि मग उसाच्या मळ्यांवर वाटणी होई. कारकुनाने लिहून घेतलेले खापरपणजोबांचे पहिले नावच पुढच्या पिढ्यांचे आडनाव कसे झाले, हे तुमच्याकडून ऐकताना मला आमच्या घरातल्या वंशावळीच्या वहीची किंमत कळली. ती वही मी आजवर दोनदासुद्धा उघडलेली नाही.

त्याच दुपारी बाजाराजवळच्या गाडीवर तुम्ही आम्हांला डालपुरी खाऊ घातलीत. पिवळी डाळ हळद घालून शिजवायची, कोरडी वाटायची, जिरेपूड घालून पारीत भरायची आणि अगदी पातळ लाटायची. पहिल्या घासाला आप्पा म्हणाले, ही तर गूळ विसरलेली पुरणपोळी! आत जाड पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची रस्साभाजी, रुगाय म्हणजे टोमॅटोचा मसालेदार रस्सा आणि हिरवी चटणी, जिला तिथे सतिनी म्हणतात. एक कधीच देत नाहीत, जोडीच देतात, आणि ती कागदात गुंडाळून उभ्यानेच, गरम असेतो खायची, हा तुमचा सल्ला आम्ही पुढचे चारही दिवस पाळला. हॉटेलातल्या नाश्त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

कास्कावेलच्या विठ्ठल-रखुमाईच्या देवळाबद्दल मात्र लिहायलाच हवे. आमच्या पेठांतून दरवर्षी पालख्या जातात, आप्पांनी चाळीस वर्षे वारकऱ्यांना पाणी दिले, पण अरबी समुद्रापलीकडे, उसाच्या रानाला लागून असलेल्या गावात विठोबा कमरेवर हात ठेवून उभा असेल हे त्यांनी कधी मनात आणले नव्हते. त्यांनी गाभाऱ्यासमोर अभंग सुरू केला आणि दुसऱ्या ओळीला तुम्ही आवाज मिसळलात. तुमच्या घरात नातवंडे आपसांत क्रेओल ही तिथली बोली बोलतात, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच चालते, मराठीचा तास तेवढा एक. तो तास तुम्ही तीस वर्षांहून अधिक काळ घेतलात. त्या रात्री आम्हांला मदत मिळाली ती त्याच तासामुळे, आणि माझे आभार सर्वांत आधी त्या तासाला आहेत.

आता तुमच्या मूळ गावाच्या शोधाविषयी. मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरातून तुम्ही मिळवलेल्या खापरपणजोबांच्या नोंदीची छायाप्रत आप्पांनी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. जिल्हा रत्नागिरी हे स्पष्ट आहे, पण गावाचे नाव कारकुनाने कानाला लागेल तसे इंग्रजीत लिहिल्याने तुम्हांला इतकी वर्षे ते लागले नाही. आप्पा रोज सकाळी चहानंतर भिंग घेऊन नकाशावर बसतात. ते स्वतः लांज्याचे, त्यामुळे तिकडची वाडीन् वाडी त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या मते उच्चाराला दोन गावे जुळतात, एक राजापूर तालुक्यात आणि एक संगमेश्वरात. तुमच्या आजी गाऱ्हाणे घालताना सोमजाई देवीचे नाव घेत असत असे तुम्ही सांगितले होते. या दोनांपैकी कोणत्या गावात सोमजाईचे देऊळ आहे हे पाहायला आम्ही दिवाळीनंतर जाणार आहोत. आजींच्या गाऱ्हाण्यातले आणखी एखादे नाव, ओढ्याचे, डोंगराचे, मानकऱ्यांचे, आठवले तर तेवढे कळवा. काकूंना माझा नमस्कार सांगा.

आपली,
आप्पांची मुलगी